भुरीचे फोटो

"आता आणखी ओढत नेलं तर तिचेच हाल होतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टेबलावरच्या मांजरीच्या अंगावरचा टॉवेल त्यांनी सारखा केला. "तुम्ही दोघी बोलून ठरवा. मी बाहेर थांबते."

दोघी बोलून ठरवा. धाकटीला तशाही वेळी हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. या दोघी जावा. एका घरात राहत होत्या, एका ओट्यावर स्वयंपाक करत होत्या, पण एकमेकींशी बोलणं कधीच सुटलं होतं.

भुरी डोळे अर्धवट मिटून पडली होती. किडन्या गेल्या होत्या. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं.

"भुरे," थोरली तिच्या कानाजवळ वाकून म्हणाली, "तिला म्हणावं, आता पुरे."

"भुरे, त्यांना सांग, मलाही तेच वाटतं."

घरचा सगळा कारभार असाच चालायचा. भुरे, गॅस संपत आलाय म्हणावं. भुरे, त्यांना सांग, गुडघ्याचं तेल फळीवर ठेवलंय. म्हातारपणी भुरी ठार बहिरी झाली, तरी निरोप तिच्यामार्फतच जात राहिले.

अबोल्याला कारण थोरलीची लेक. तिने घरच्यांना न जुमानता आपल्या मनाने लग्न केलं आणि ती लांब निघून गेली. जायच्या दिवशी तिची बॅग भरून दिली ती तिच्या काकूने, म्हणजे धाकटीने. हे कळलं तेव्हा थोरलीने आदळआपट केली नाही. "ती आणि तू, दोघीही मला संपलात," एवढंच म्हणाली, आणि शब्दाला जागली. पुढे दोघींचेही नवरे एकामागोमाग गेले. एकमेकींच्या गळ्यात पडून रडायची वेळ आली, तेव्हाही त्या दोन भिंतींना टेकून वेगवेगळ्या रडल्या. लेकीचं नाव घरात कुणी काढलं नाही. ती मागे ठेवून गेली होती तिची दोन मांजरं, काळ्या आणि भुरी. थोरली त्यांना बाहेर काढेल असं धाकटीला वाटलं होतं. तिने काढलं नाही. काळ्या गेल्या हिवाळ्यात गेला. उरली होती भुरी.

धाकटी घरीच शिवणकाम करायची. दर रविवारी सकाळी, मशीनच्या आडून, ती गुपचूप भुरीचा फोटो काढायची आणि पुतणीला पाठवायची. खिडकीखालच्या खुर्चीत थोरली पेपर वाचत बसलेली असे आणि तिच्या पायाशी उन्हात भुरी. धाकटी फोन असा धरायची की मांजर मधोमध यावं आणि कोपऱ्यात थोरलीही यावी. कधी नुसता हात यायचा, कधी अर्धा चेहरा. आई कशी आहे, असं पुतणीने एकदाही विचारलं नाही. ती लिहायची, "भुरी थकलेली दिसते गं काकू. नीट जेवते ना?" धाकटी उत्तर द्यायची, "जेवते. गुडघे तेवढे दुखतात." मांजराच्या गुडघ्यांबद्दल दोघीही कधी हसल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई आत आल्या. थोरलीने भुरीचं डोकं आपल्या तळहातावर घेतलं. धाकटीने मागचे पाय धरले, धरायची गरज नव्हती तरी. सुई टोचली तेव्हा भुरीने नुसती मिशी हलवली. मग तिचं डोकं थोरलीच्या हातात जड झालं.

येताना रिकामी टोपली कुणी धरायची यावरून दारात जरा घोटाळा झाला. शेवटी दोघींनी एकेक कडी धरली. टॉवेलात गुंडाळलेली भुरी थोरलीने दुसऱ्या हाताने छातीशी धरली होती.

मागच्या अंगणात धाकटीने खड्डा खणला. थोरलीला वाकवत नव्हतं, तरी तिने माती हातानेच लोटली, वरून थोपटली, आणि बराच वेळ थोपटतच राहिली. "वहिनी, पुरे आता," असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगायचं कुणामार्फत? थोरली उठली आणि हात न धुताच आत गेली.

धाकटी मशीनपाशी येऊन बसली. पुतणीला कळवायला हवं होतं. तिने "भुरी गेली" असं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मांजर गेल्याचं दुःख होतंच. पण आता दर रविवारी काय पाठवायचं, कुणाची खुशाली कुणाच्या नावाने कळवायची, हे तिला सुचेना. आता या घरातून त्या घरात जायला वाटच उरली नव्हती.

आतून पाण्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार वाजलं. थोड्या वेळाने थोरली बाहेर आली. केस ओले करून चापूनचोपून विंचरले होते. अंगात घडीचे कपडे होते. ती खिडकीखालच्या खुर्चीत जाऊन बसली. पेपर उचलला नाही. सवयीने तिने पायाशी पाहिलं, मग नजर वर करून सरळ धाकटीकडे पाहिलं.

"अगं," ती म्हणाली.

धाकटीने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

"आज रविवार ना. पाठवला नाहीस तर ती काळजी करत बसेल."

"वहिनी... तुम्हाला माहीत होतं?"

"दर रविवारी नटूनथटून मी काय पेपर वाचायला बसत होते?" थोरलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हात मांडीवर एकमेकांत धरले. "काढ. आणि आज कोपऱ्यात नको. मधोमध घे मला."