तहातली मुलगी

"काकू, ओढू नका ना! टक्कल पडेल."

"पडू दे. तिकडे सगळे टोप्याच घालतात." काकूंनी वेणी आणखी घट्ट घातली. आज पोरीला न्यायला तिची आई येणार होती.

बारा वर्षांपूर्वी डोंगरातल्या टोळीचा आणि राजधानीचा तह झाला, तेव्हा टोळीच्या प्रमुखबाईंनी आपली दीड वर्षांची लेक बारा वर्षांसाठी ओलीस दिली. सांभाळायचं कुणी? सीमा कचेरीतल्या कारकुनाच्या घरी तेवढ्याच वयाचं मूल होतं, म्हणून दिली तिथे ठेवून. मुलगी सुखरूप, तोवर तह. तिला काही झालं, की टोळी खाली उतरणार आणि फौज वर चढणार.

त्यामुळे या पोरीवर साधं ओरडायची कुणाची छाती नव्हती. कारकुनाची बायको म्हणजे या काकू; त्या मात्र खुशाल धपाटे घालायच्या. शेजारीण चिडवायची, "अहो, खळीसुद्धा तुमचीच उचलली हिनं!"

"राहून राहून गुण लागतो," काकू म्हणायच्या.

"मी नाही गेले तर?" मुलीनं विचारलं.

"तर कचेरीतले साहेब तुझ्या काकांना उलटं टांगतील." काकू हसल्या आणि बाहीनं डोळे पुसले.

प्रमुखबाई आल्या त्या तडक आत. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग काकूंकडे, पुन्हा मुलीकडे. बराच वेळ. साहेबांनी कागद पुढे केला: 'मुलगी सुखरूप मिळाली.' दौत धरून उभ्या असलेल्या कारकुनानं मान वर केली नाही. बाईंनी सही केली. साहेब खुशीत गाडी जोडायला सांगायला गेले, मागोमाग कारकूनही.

काकू स्वयंपाकघरात शिदोरी बांधत होत्या. "दुधावरची साय काढून द्या हं, नाहीतर घर डोक्यावर घेते. आणि पायात मोजे घाला, विसरते मेली." त्यांनी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.

"तुम्हाला मूल नाही?" बाईंनी विचारलं.

"होती मुलगी. पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेली."

"एकटी नव्हती ना?"

"छे हो! माझ्या मांडीवर होती शेवटपर्यंत. खाली ठेवलीच नाही."

बाई भिंतीला टेकल्या आणि रडल्या, अगदी हुंदके देऊन. मग दारात रुसून उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी जवळ ओढलं आणि तिचा हात काकूंच्या हातात दिला.

"माझ्या लेकीचं फार केलंत," त्या म्हणाल्या. "आता तुमची तुमच्याजवळ ठेवा."