रिसेंट

हवालदाराने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावरून परत सरकवला.

"हा नाही चालायचा. रिसेंट पाहिजे."

फोटोतली आई काळ्याभोर केसांची होती. तिच्या कडेवरचा मुलगा आता टक्कल पुसत टेबलासमोर उभा होता.

"साहेब, तसा फार जुना नाहीये."

बाकावर बसलेली मावशी पुढे सरकली. बहीण कालपासून घरी आली नाही, हे कळताच ती पहाटेच्या गाडीने निघून आली होती. आणि हा भाचा कोणाला रिसेंट शिकवत होता? त्याच्या दुकानावर हातभर अक्षरांत तेच तर रंगवलेलं होतं: 'रिसेंट फोटो पाच मिनिटांत'.

हवालदाराने मान वर केली. "चौकातले स्टुडिओवाले ना तुम्ही? आमच्या पोरीने फॉर्मला गेल्या वर्षीचा फोटो आणला, तर तुम्हीच ऐकवलंत. रिसेंट म्हणजे सहा महिन्यांच्या आतला."

"हो, पण आईचा राहूनच गेला. रोज दुकानातच असायची ना, त्यामुळे…"

"दुकानात काय करायच्या?"

उत्तर मावशीनेच दिलं.

"गिऱ्हाइकाच्या मागे पांढरा पडदा धरून उभी राहायची. पडद्याचा खिळा निघाला, त्याला दोन वर्षं झाली. याला ठोकायला सवड नाही मिळाली."

हवालदाराने पेन उचललं. "काल काय नेसल्या होत्या?"

"निळी साडी. नाही, हिरवी असेल."

"पडद्यामागचं कसं दिसणार त्याला," मावशी म्हणाली.

भाच्याने पिशवीतून दुकानाचा कॅमेरा काढला आणि मागचे फोटो भराभर सरकवू लागला. गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक गेलं, टाय लावलेली, केस चोपडलेली. कडा अजून कापलेल्या नव्हत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर, पडद्याच्या काठाशी, आठ बोटं दिसत होती. एका बोटाला चिंधी बांधलेली.

शेवटचा फोटो काल दुपारचा होता. त्यात चारच बोटं होती. दुसऱ्या बाजूने पडदा खाली आला होता.

"तेव्हा काय म्हणालास तिला?" मावशीने विचारलं.

"नीट धर म्हणालो."

"आणि?"

"जमत नसेल तर घरी जा म्हणालो."

मावशीने तोंडाला पदर लावला. मग तो काढला.

"यात चेहरा कुठाय हो," हवालदार हळूच म्हणाला.

"रोज तिचे हात कापून टाकतोस ना," मावशी भाच्याकडे न बघता म्हणाली, "आज गिऱ्हाईक काप. उरेल ते यांना दे. काल दुपारचं आहे, रिसेंट."