चार चाकांची हवा

दुकानदाराने काउंटरवर टायरमध्ये हवा भरायचे दोन कॉम्प्रेसर मांडले आणि काकांकडे बघून बोलायला सुरुवात केली. गाडीच्या सामानाचं गिऱ्हाईक जोडीने आलं की बोलायचं ते पुरुषाशी, ही त्याची जुनी सवय. बाहेरची जीप काकूंनी उभी केली होती, तीही दुकानाची पायरी जेमतेम वाचवून, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"काका, मी सांगतो, हा डोळे झाकून घ्या."

"झाकायचे कशाला?" काका म्हणाले. "माझे उघडे असले तरी तेच."

तेव्हा कुठे दुकानदाराने नीट निरखून पाहिलं. काका त्याच्याकडे बघत होते खरे, पण त्याच्या कानाच्या जरा पलीकडे. त्याने जीभ चावली.

काकू जनावरांच्या डॉक्टर. वाळूच्या पट्ट्यापलीकडे मेंढपाळांच्या वस्त्या होत्या, आणि तिथवर जीप न्यायची ती काकांनी, हा संसाराइतकाच जुना शिरस्ता. वाळू लागली की टायरांतली निम्मी हवा सोडायची, म्हणजे चाकं रुतत नाहीत. परतताना डांबरी रस्ता लागला की ती पुन्हा भरायची. पायपंपावर काका घामाघूम व्हायचे आणि सावलीत बसलेल्या बायकोला टोमणे मारायचे. "एवढीशी सुई टोचून दमता होय, डॉक्टर? काम म्हणतात ते याला."

यंदा डोळ्यांनी दगा दिला. कडेचं थोडंफार दिसे, समोरचं सगळं धुकट. स्टिअरिंग बायकोच्या हाती गेलं, ते त्यांनी हसत दिलं. गुडघा पंपाला साथ देईना, हेही त्यांनी स्वतःच कबूल केलं. पण जीपमध्ये त्यांच्या वाट्याला आता फक्त हवा उरली होती. आज तीही गेली की उद्यापासून नुसतं ओझं म्हणून बाजूला बसायचं, हे सकाळपासून त्यांच्या मनात घोळत होतं. बोलून दाखवण्यातले ते नव्हेत.

"याला स्क्रीन आहे," दुकानदार सावरून सांगू लागला. "आकडा टाकायचा, नळी लावायची आणि खुशाल गाडीत जाऊन बसायचं. हवा भरली की आपोआप बंद. माणूस लागतच नाही."

"चांगलं आहे," काका म्हणाले.

काकूंनी तो आवाज ओळखला. नावडती भाजी मुकाट गिळताना काका याच आवाजात चांगली झालीय म्हणत.

"आणि हा दुसरा?" काकूंनी विचारलं.

"तो साधा, काकू. काट्यावर नजर ठेवायची आणि आकडा आला की हाताने बंद करायचा. ताकद दोघांची सारखीच. पण त्यात उगाच एक माणूस अडकतो."

"बाहेर चला. लावून बघू."

दुकानदाराने साध्या कॉम्प्रेसरचे चिमटे जीपच्या बॅटरीला लावले. तो नळी घेऊन चाकाकडे निघाला, तर काकांनी हात पुढे केला. "आणा इकडे. एवढं येतं मला."

ते बॉनेटचा आधार घेत पुढच्या चाकापाशी बसले. टायरवरून बोटं फिरवत त्यांनी व्हॉल्व्ह शोधला, टोपण काढून शेजारी ठेवलं, थोडी हवा सोडली आणि नळी बसवली. मशीन घरघरू लागलं. काका टायरवर तळवा ठेवून, मान कलती करून ऐकत राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"झाली बघा," ते म्हणाले. "बत्तीस."

काटा सव्वीसवर होता. दुकानदाराने तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या.

"अजून थोडी."

"अजून?"

"अजून. मी सांगते ना."

मशीन पुन्हा घरघरलं. काका थांबले होते, काकू काट्याकडे बघत होत्या.

"आता बस."

काकांनी बटण बंद केलं. "पूर्वी चुकत नव्हतो मी," ते हळूच म्हणाले.

"पूर्वीही चुकत होता. तेव्हा मी सावलीत असायचे."

काकांना हसू आलं. दुकानदाराला मात्र आपला मुद्दा सिद्ध झाल्यासारखं वाटलं. "म्हणून तर म्हणतो, काकू, तो पहिला न्या. काटा नको, कटकट नको. माणूस लागत नाही त्याला."

"त्याला नसेल लागत," काकू म्हणाल्या. "मला लागतो. हाच द्या बांधून."

नळी काढून काका जमिनीवर टोपण चाचपू लागले. शेजारी ठेवलेलं टोपण केव्हाच घरंगळून काकूंच्या चपलेपाशी गेलं होतं. दुकानदार ते उचलायला वाकला, तसा काकूंनी त्याचा दंड धरला. त्या स्वतःही वाकल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या.

काकांची बोटं मातीतून सरकत आली. एका खड्याला लागली, दुसऱ्या खड्याला लागली, मग चपलेच्या अंगठ्याला.

"दिसत नाही का, डॉक्टर?" ते म्हणाले. "माणूस काम करतोय इथं. पाय बाजूला घ्या."