संक्रांतीचा पेन्शनर

नदीच्या मधोमध नंदलाल थांबला. पुढे गेलेल्या सहा जणांपैकी कुणी वळून पाहिलं नाही. जवळ होता एकटा चंद्रकुमार, चव्वेचाळीस वर्षांचा, अंगापिंडानं मजबूत.

"माया खांदा गेला गा," नंदलाल म्हणाला. "मी मागं फिरतो. तू ही कॅन धर न् मायासोबत चाल."

कॅन म्हणजे तेलाची, पाच लिटरची, रिकामी. ती दोरीनं त्याच्या कमरेला बांधलेली. दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या शेवाळावर पाय घसरून त्याचा खांदा निखळला. तेव्हापासून तो कॅनशिवाय पाण्यात उतरत नाही आणि प्रत्येक पायरी आधी अंगठ्यानं चाचपतो. लोक हसतात. सावध माणसाला भित्रा म्हणायला काही लागत नाही.

पवनीच्या घाटावरून संक्रांतीला वैनगंगा पोहून जायची, हा या मंडळींचा तीस वर्षांचा रिवाज. मधूनच फिरेल त्याला वर्षभर 'पेन्शनर' म्हणायचं. हे नाव काढलं नंदलालनंच. जन्मभर मागावर बसलेल्या विणकराला कुठली आली पेन्शन? म्हणूनच त्याला ते फार गोड लागायचं. भल्याभल्यांना त्यानं ते चिकटवलं, स्वतःला मात्र अडुसष्टाव्या वर्षापर्यंत लागू दिलं नव्हतं.

चंद्रकुमारनं निमूट कॅन धरली. दोघं हळूहळू काठाला लागले.

बाकीचे पलीकडून डोंग्यात बसून परतले, ते ओरडतच. "काय पेन्शनर!" त्यांच्यातल्या प्रफुल्लनं तिळाचा पहिला लाडू चंद्रकुमारच्या हातावर ठेवला. "हा होता म्हणून म्हातारं वाचलं," तो म्हणाला. नंदलाल डोकं पुसत सगळ्यांबरोबर हसला. पण त्याला लागलं होतं. तीस वर्षांचं नाव एका सकाळी गेलं होतं.

मंडळी पांगली. चंद्रकुमार पायरीवरच बसून पोटरी चोळत राहिला. लाडू तसाच हातात होता.

"काका, गोळा त माया पायात आला होता. मी बोललोच नाही. तुमाले कसं समजलं?"

"पाण्यावर तुया हातायचा आवाज बदलला. मागावर धागा तुटला का असाच ठेका चुकते. पन्नास वर्षं तेच ऐकून राहिलो."

"मंग सगळ्यायसमोर काहून नाही सांगतलं? उलटं स्वतःचं नाव घालवलं."

नंदलालनं ओला पंचा पिळला आणि खांद्यावर टाकला.

"चव्वेचाळीसचा होतो तवा, डुबून राहिलो असतो तरी म्या बी कोणाले हाक नसती मारली."