अकरा खुर्च्या

ईशानीला आलेल्या एलएलएम प्रवेशाच्या दोन पत्रांपैकी बाबांनी मोठ्या कॉलेजचं पत्र पुढे सरकवलं. तिथे वर्गात एकशेवीस जण होते. "गर्दीत बरं असतं बाळा. कोणी उभं करून विचारत नाही."

ईशानीला ते पटत होतं. ती बोलताना अडखळायची. एलएलबीची तीन वर्षं तिने मागच्या बाकावर काढली होती; हजेरीला तिच्या नंबरावर "येस सर"सुद्धा शेजारची मैत्रीणच म्हणायची.

दुसऱ्या कॉलेजात जेमतेम अकरा जण. नकार कळवण्याआधी एकदा बघून यावं म्हणून ती गेली, तर तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी तिला थेट चालू तासालाच बसवलं. सगळे एकाच टेबलाभोवती होते. एका खटल्याचा निकाल वाचून झाला आणि मॅडमनी तिलाच विचारलं, "तुम्हाला पटला?"

"न... न..."

तिने सवयीने शेजारी पाहिलं. कोणीच तिचा शब्द पुरा केला नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि त्या शांतपणे थांबल्या. अखेर "नाही" बाहेर पडलं, आणि त्यामागून कारणंही आली. चहा गार झाला तरी तिच्याशी वाद घालणं कोणी सोडेना.

संध्याकाळी आईने विचारलं, "मग, कुठलं ठरलं?"

"मी... मी..."

"मोठंच घेतेय ती," बाबांनी नेहमीसारखं सांगून टाकलं.

"थां... थांबा बाबा. माझं बोलणं अजून सं... संपलं नाही."

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला, आणि पहिल्यांदाच ते थांबले.