लाईन थांबवायची दोरी

रोबोचा हात खाली आला, नळाचं धड त्याने चिमटीत धरलं, वळला, आणि

थांबला.

"कोण?" सरांनी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"मी." तिसऱ्या टेबलावरच्या मुलीचा हात अजून डोक्यावरून लोंबणाऱ्या पिवळ्या दोरीला होता. "याच्या आट्यांत कचरा दिसतोय."

"गतिरोधक आला. गाड्या हळू हाका," पहिल्या टेबलावरचा उंच पोरगा म्हणाला. सगळे हसले. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या त्या वर्गात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

सर हसले नाहीत. ते तिच्यापाशी गेले. "थांबवलंस, बरं केलंस."

नियमच तो. दोरी ओढणाऱ्याचे आधी आभार मानायचे, मग कारण विचारायचं. रोबो चालवणं आणि उधळमाधळ न करता माल बनवणं पुस्तकातून येत नाही, हात काळे करूनच येतं, असं सर म्हणत. आणि खोट असलेला माल पुढच्या टेबलावर ढकलणं हे त्यांच्या वर्कशॉपमधलं एकमेव पाप होतं.

कचरा नव्हता. वंगणाचा डाग होता.

लाईन सुरू झाली. हात खाली आला, धड उचललं, आणि

"आता काय?"

"सॉरी सर. कोपर लागलं."

"सर, उद्या हिने असंच केलं तर आपलं काही खरं नाही," उंच पोरगा म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

रोबो आणि टेबलं एका कारखान्याने वापरायला दिली होती. उद्या तिथल्या अधिकारी बाई यायच्या होत्या. काम पसंत पडलं तर वर्कशॉप टिकणार, मुलांना कारखान्यात नोकऱ्या. नाहीतर यंत्रं परत. प्राचार्यांनी तर खोलीची मापं घेऊन ठेवली होती, परीक्षेची बाकं रचायला. हातातोंडाशी आलेला घास सरांना दिसत होता, आणि ती पिवळी दोरीही.

ओढू नकोस, असं त्या मुलीला सांगायला त्यांची जीभ रेटेना.

मुलं घरी गेल्यावर ते स्टुलावर चढले आणि दोरीची वायर वरच्या डबीतून काढून ठेवली. लाल बटण तसंच ठेवलं. बटण माणसाच्या जिवासाठी, दोरी मालासाठी. एका दिवसाचा तर प्रश्न. खालून पाहिलं तर दोरी जशीच्या तशी लोंबत होती.

बाई मोजकं बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी डब्यांत हात घालून धडं चाळली, रुमालाला बोटं पुसली आणि जाळीपलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तिथून रोबो दिसत होता, त्याच्यामागची मुलं अर्धीमुर्धीच.

सरांनी खूण केली आणि हात खाली आला आणि धड उचललं आणि वळला आणि वायसर बसला आणि झाकण आवळलं गेलं आणि नळ डब्यात पडला आणि पुढचं धड आलं आणि तिसऱ्या टेबलावर मुलीचा हात वर गेला आणि दोरी खाली आली आणि रोबो वळतच राहिला आणि तिने पुन्हा ओढली आणि सरांकडे पाहिलं आणि "सर," म्हणाली आणि घाबरलीय बिचारी असं वाटून सर ओठांतल्या ओठांत "चालू दे" म्हणाले आणि तिने मान खाली घातली आणि हातातलं पुढे सरकवलं आणि लाईन शेवटच्या नळापर्यंत न अडखळता धावली.

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कपाळ पुसलं.

"आज गतिरोधक उखडला वाटतं," उंच पोरगा खूश होऊन म्हणाला.

बाई जाळीच्या अलीकडे आल्या. तयार नळांच्या डब्यात त्यांनी बराच वेळ शोधलं, एक नळ काढला आणि सरांसमोर ठेवला. गळ्यापासून तोंडापर्यंत तडा गेलेला, नख आत जाईल असा.

"याचं तडकलेलं धड मीच सकाळी डब्यात टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "नळ काय, आमच्याकडे ढिगाने बनतात. लाईन कोणी थांबवतं का, तेवढं बघायचं होतं. माझी गाडी खाली उभी आहे, निघते. यंत्रं उद्यापर्यंत सोडवून ठेवा."

मुलगी सरांच्या जवळ सरकली. बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं,

"सर, मी ओढली होती ना?"