काळ्या मसाल्याचं प्रमाण

निवृत्तीनंतर खुशालरावांनी जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि महिन्याभरात ते त्यांच्या अंगात भिनलं. "एकदम फुकट! आत काय हाय ते कोनीबी पाहू शकते, कोनीबी सुधारू शकते. लपवालपवीचं कामच नाही," असं ते अकोल्यात भेटेल त्याला धरून ऐकवू लागले.

त्याच भरात त्यांनी बायकोच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण, लवंगा-दगडफुलासकट, टाइप करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. आशाबाईंनी ते तीस वर्षं सख्ख्या जावेलाही सांगितलं नव्हतं. त्या मसाल्यापायीच तर जाऊबाई दर उन्हाळ्यात रिकामा डबा घेऊन अमरावतीहून त्यांच्या दारात यायच्या.

"मले न इचारता काहून टाकलं तुमी?" आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं, लिनक्सवाले बी असंच करतात. वर तुहं नाव टाकलं ना!"

यंदाच्या उन्हाळ्यात जाऊबाई आल्या त्या भरलेला डबा घेऊनच. खुशालरावांनी त्यातला चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि बायकोकडे वळून अभिमानानं म्हणाले,



"पाह्य, म्हनलं नव्हतं? सुधारला!"